सात महिने, तेवीस सेन्सर: कॅलिब्रेशन कधी करायचं आणि कधी हात आवरायचा

मला टाइप १ मधुमेह होऊन १९ वर्षं झाली. त्यातली बहुतेक वर्षं बोटं टोचण्यात गेली. गेले ७ महिने दंडाला सतत साखर मोजणारा सेन्सर लावते आहे. एक सेन्सर १० दिवस चालतो. हिशेबाने आतापर्यंत २१ पुरायला हवे होते, लागले २३, कारण दोन मुदतीआधीच गेले. पहिल्या आठवड्यापासून एक वही केली आहे. सेन्सरचा आकडा आणि त्याच वेळचा ग्लुकोमीटरचा आकडा शेजारी शेजारी लिहिते. हा अनुभव त्या वहीच्या भरवशावर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, ती मला फार उशिरा समजली. कातडीखाली जाणारी सेन्सरची बारीक तार साखर मोजतच नाही. तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की नॅनोअँपिअरच्या मापातला, अगदी नाममात्र वीजप्रवाह तयार होतो. यंत्राला कळतो तो हा प्रवाह. एवढा प्रवाह म्हणजे एवढी साखर, हे गणित बसवणं म्हणजे कॅलिब्रेशन. शिवाय तार रक्तात नसते, पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवात असते. रक्तातली साखर हलली की तिथे ती ५ ते १५ मिनिटांनी हलते.

पूर्वीच्या सेन्सरांना रोज बोट टोचून आकडे भरावेच लागत. २०१४ साली युरोपात फ्रीस्टाइल लिब्रे आला, तो कारखान्यातच कॅलिब्रेट होऊन. माझा सेन्सर वेगळ्या बनावटीचा आहे, पण तोही तसाच येतो. फक्त अ‍ॅपमध्ये आपल्या हाताने आकडा भरायची सोय आहे. माझ्या सुरुवातीच्या सगळ्या चुका या सोयीपायी झाल्या.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. जेवून पाऊण तास झाला होता. सेन्सर १४२ दाखवत होता (इथले सगळे आकडे डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये), शेजारी साखर चढते आहे असं सांगणारा वर जाणारा बाण. बोट टोचलं तर १७८. मला वाटलं, सेन्सर चुकतोय, सुधारून टाकू. १७८ भरलं. खरं तर चुकत कोणीच नव्हतं. साखर चढत होती, रक्त पुढे होतं आणि सेन्सर त्याच्या मागून येत होता. मी मात्र त्या तात्पुरत्या अंतराला कायमचं गणित करून बसवलं. त्यानंतर सेन्सर प्रत्येक आकडा पाव पटीने वाढवून सांगू लागला. तीन-साडेतीन तासांनी अंगाला घाम आला, हात थरथरायला लागले. सेन्सरवर ७६, अलार्म नाही, कारण अलार्म ७० ला लावलेला. बोट टोचलं तर ६१. माझ्याच हाताने भरलेल्या आकड्याने मला वेळेवर सावध होऊ दिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी खरोखर घाबरले.

तेव्हापासून आकडा भरण्याआधी तीन गोष्टी बघते. बाण आडवा आहे का, आणि मागची २०-२५ मिनिटं रेघ सपाट आहे का. हात साबणाने धुऊन कोरडे केले आहेत का. फळ सोलल्यावर तसंच बोट टोचलं तर मीटर भलताच मोठा आकडा दाखवतो आणि तोच आपण सेन्सरला शिकवून बसतो. तिसरी गोष्ट, फरक खरंच भरण्याइतका आहे का. ग्लुकोमीटर म्हणजे काही देववाणी नव्हे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३ च्या मानकानुसार १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमपर्यंत आणि वर १५ टक्क्यांपर्यंतची चूक मीटरलाही माफ आहे. म्हणून सेन्सर १०४ आणि मीटर ११५ असेल तर मी काहीच करत नाही. १०० च्या खाली २० आकड्यांचा किंवा वर २० टक्क्यांचा फरक दिसला, पुन्हा टोचूनही तसाच राहिला, तरच भरते. मागच्या १० सेन्सरांत मिळून फक्त चार वेळा भरायची वेळ आली.

पहिल्या दिवशी तर भरतच नाही. तार टोचल्यावर तिथे बारीकशी जखम होते, सूज येते, शरीर त्या परक्या वस्तूभोवती प्रथिनांचा थर चढवू लागतं. हे सगळं स्थिरावेपर्यंत आकडे हेलकावे खातात. माझ्या वहीत जवळजवळ प्रत्येक सेन्सरचा पहिला दिवस सर्वांत वाईट आहे. त्या दिवशी इन्सुलिनचा निर्णय बोट टोचूनच घेते.

आता बिघाडांविषयी. यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते रात्रीच्या खोट्या अलार्मांनी.

पहाटे ३ वाजता अलार्म झाला, आकडा ५४. पहिल्या महिन्यात असं झालं की मी झोपेतच ग्लुकोजच्या गोळ्या चघळायचे आणि सकाळी साखर २४० च्या वर मिळायची. असं चार-पाच वेळा झालं. मग एका रात्री नवऱ्याने हात धरला. म्हणाला, "अगं, तू त्याच दंडावर झोपली होतीस. आधी बोट टोच." टोचलं तर ११८. आलेखावर बोट ठेवून आम्ही दोघांनी बघितलं. ११५ वरून तीन रीडिंगांत, म्हणजे १५ मिनिटांत, रेघ कड्यावरून पडल्यासारखी ५४ वर. जेवणाचं इन्सुलिन घेऊन आठ तास झालेले, मग साखर एवढ्या वेगाने पडेल कशी? कूस बदलल्यावर २० मिनिटांत रेघ आपोआप वर आली. दंड दाबला गेला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि तारेपाशी साखर खरंच कमी होते. खऱ्या हायपोची, म्हणजे रक्तातली साखर खरंच फार खाली जाण्याची, उतरण अशी नसते, माझ्या आलेखांत ती उतारावरून घसरत जाते. आता मला आकार ओळखू येतो, तरी बोट टोचल्याशिवाय मी कधीच 'खोटा आहे' म्हणून परत झोपत नाही. सेन्सरही आता दंडाच्या मागच्या बाजूला लावते, तिथे कमी दाबला जातो.

जे दोन सेन्सर मुदतीआधी गेले, त्यांतल्या एकाने स्वतःच हात वर केले. चौथ्या दिवशी स्क्रीनवरचा आकडा गेला, 'सेन्सर एरर' आलं, तीन तास थांबायला सांगितलं आणि शेवटी बदला म्हणाला. काढला तर तार वाकलेली होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सिग्नलचा भरवसा नसताना आकडा न दाखवणं हेच बरोबर. दुसरा मात्र वाईट निघाला. सातव्या दिवसापासून हळूहळू खाली सरकत गेला. मीटर १२६ तर तो १०९, दुसऱ्या दिवशी १४० ला ११२, तिसऱ्या दिवशी १३५ ला ९६. रेघ सुरेख, गुळगुळीत, एकही सूचना नाही. एन्झाइमची ताकद ओसरली किंवा तारेवरच्या पातळ आवरणावर थर साचला की प्रवाह असा मंदावतो. एकदम तुटलेला सिग्नल यंत्राला पकडता येतो, सावकाश सरकणारा पकडणं फार कठीण. वही नसती तर मलाही कळलं नसतं.

औषधांचंही बघायला हवं. काही सेन्सरांत पॅरासिटामॉलने आकडा खोटा वर जातो, काहींत क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने, आणि हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर काही सेन्सर वापरूच नयेत. आपल्या सेन्सरच्या माहितीपत्रकात हे पान शोधून वाचा.

माझी कंपन्यांकडे एक कळकळीची मागणी आहे. आकड्याबरोबर त्या आकड्याचा भरवसा दाखवा. वेगाने पडणारी रेघ दिसली की 'दाबला गेला असावा, बोट तपासा' एवढं तरी लिहा. चढत्या बाणावर कोणी आकडा भरायला गेलं तर अ‍ॅपने थांबवावं. माझ्या अ‍ॅपने दुसऱ्या आठवड्यात ते १७८ निमूटपणे घेतलं होतं.

घ्यावा का असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हो आहे, आणि मनापासून हो. साखर ७० ते १८० च्या मध्ये राहण्याचा माझा वेळ पहिल्या महिन्यात ५४ टक्के होता, गेल्या महिन्यात ७१. पण ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपांचा डबा कपाटात ठेवून देऊ नका. माझा उशीशेजारीच असतो, वहीसकट. सध्याच्या सेन्सरचा आज आठवा दिवस. सकाळी सेन्सर ११२, मीटर ११९. काही भरलं नाही, वहीत फक्त नोंद केली.