स्वस्तातली एसएसडी, आठ महिने आणि ६४ एमबीवरून झालेली चिडचिड

मे २०२४ मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून २ टीबीची एनव्हीएमई एसएसडी घेतली, डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची रॅम) नसलेली, कारण डीरॅमवाली दीड हजारांनी महाग आणि दीड हजार म्हणजे आमचं महिन्याचं दुधाचं बिल. स्पीडचे आकडे सोडा. मला पहिल्या दिवसापासून खुपलं ते एचएमबी, होस्ट मेमरी बफर. डेटा कुठे ठेवलाय त्याचा नकाशा हाताशी ठेवायला हिच्याकडे स्वतःची रॅम नाही, म्हणून आपल्या रॅममधून घ्यायची. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं तर बूट लॉगमध्ये सरळ लिहिलेलं, ६४ एमबी होस्ट मेमरी बफरला दिले. लॅपटॉपला ८ जीबी, तीही सोल्डर केलेली, वाढवायची सोय नाही. भाडेकरू ठेवला आणि त्याने आल्या आल्या आपल्याच फ्रीजमधला एक कप्पा मागितला असं झालं. बायको म्हणाली, तुझा क्रोमचा एक टॅब याहून जास्त खातो. खरंय, पण टॅब मी उघडतो ना.

मध्ये भाच्याच्या लग्नाचं १५० जीबी शूटिंग टाकताना स्पीड एकदम कोसळला, मी लगेच एचएमबीच्या नावाने शंख केला. ते चुकलं. तो एसएलसी कॅशे, म्हणजे लिहिताना आधी वापरायची ड्राइव्हमधलीच वेगवान जागा, भरल्याचा प्रकार, एचएमबीचा संबंध नव्हता.

मग ऑक्टोबरात विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आलं आणि दिवसाआड निळी स्क्रीन, विंडोज कोलमडलेलं. दुकानदार म्हणे रॅम खराब, कस्टमर केअर म्हणे फॉरमॅट मारा, डोंबिवलीहून दोन फेऱ्या मारल्या, लोकलमध्ये लॅपटॉप छातीशी धरून. शेवटी मेव्हण्याने शोधलं. आधी विंडोज ६४ एमबीच द्यायचं, आता ड्राइव्हने मागितले तेवढे २०० देऊन टाकले आणि तिच्या फर्मवेअरला (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरला) ते झेपेना. म्हणजे मागायचं स्वतःच आणि मिळालं की चक्कर येऊन पडायचं! विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या सेटिंगांच्या यादीत, स्टोरपोर्टखाली एचएमबी अलोकेशन पॉलिसी शून्य केली, बफरच बंद. निळी स्क्रीन गेली.

आणि इथे माझी बोलती बंद झाली. माझी रॅम परत मिळाली, पण लॅपटॉप कुंथायला लागला. बूट तेवढ्याच वेळात, एक मोठी फाइल कॉपी केली तर तेवढाच वेळ, पण चाळीस हजार फोटोंचं फोल्डर उघडलं की थंबनेल एकेक करून उगवायचे, आणि मागे अँटीव्हायरस चालू असेल तर चहा टाकून यावं. कारण २ टीबीचा पूर्ण नकाशा साधारण २ जीबीचा असतो, ड्राइव्हच्या कंट्रोलर चिपच्या पोटात त्यातला चिमूटभर मावतो, बाकीसाठी आधी फ्लॅशमधून नकाशा वाचा, मग डेटा वाचा. ६४ एमबीत निदान ६४ जीबीचा नकाशा तरी बसतो, आणि माझं रोजचं काम तेवढ्यातच चालतं.

दोन आठवड्यांनी फर्मवेअर टाकलं, रजिस्ट्री पूर्ववत केली. आता पूर्ण २०० घेते, निळी स्क्रीन नाही, फोटो झटकन येतात. घे बाई.

एक मात्र, अशी ड्राइव्ह यूएसबी केसिंगमध्ये घालायला घेऊ नका, तिथे एचएमबी मिळतच नाही. मेव्हण्याने परवा तेच केलंय, आता फोन येतोय त्याचा.