स्नो-सील: गगनबावड्याच्या पावसासाठी बुटांचं मेण

बुटांपेक्षा बुटांच्या मेणावरच जास्त लिहिणार आहे. कारण बूट कितीही भारी घ्या, गगनबावड्यात जुलैमध्ये नुसतं कातडं भिजतंच, आणि एकदा आतपर्यंत भिजलं की पुढे पोळ्यापर्यंत नीट वाळायचं नाव घेत नाही.

मी पशुवैद्यक. कोल्हापूर जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा हा तालुका, आणि माझं निम्मं काम रस्ता संपतो त्याच्या पुढे असतं. धनगरवाड्यावर म्हैस अडली की गाडी खाली लावायची आणि जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरून, चालत सुटायचं. गमबूट गोठ्यात उत्तम, पण चढाला पोटरी सोलून काढतात आणि शेवाळलेल्या दगडावर दगा देतात. म्हणून यंदा घोट्याच्या वर येणारे, फुल ग्रेन (वरचा थर न घासलेल्या) कातड्याचे, वेल्टवर, म्हणजे सोलच्या कडेने फिरणाऱ्या पट्टीवर, शिवलेले बूट घेतले. असला बूट बायकांच्या मापात कुणी दाखवतच नाही. पुरुषांचा 6 नंबर आणि आत जाड मोजे, असा तोडगा काढला.

विकणाऱ्याने ‘फुल वॉटरप्रूफ आहे मॅडम’ असं ठासून सांगितलं होतं. घरी आणल्यावर पायाच्या बोटांवरच्या भागात पाण्याचा एक थेंब सोडला. क्षणभर तो मण्यासारखा उभा राहिला, मग कडेने पसरत गेला आणि खाली काळपट डाग उरला. नवीन बूट घेतलात तर ही परीक्षा जरूर करा. थेंब घरंगळून गेला तर कारखान्यातलं लेपन शाबूत आहे. डाग पडला तर कातडं पाणी पितंय.

स्नो-सील हे अमेरिकेतलं जुनं मेण. सिएटलच्या ओमी डायबर नावाच्या गिर्यारोहकाने ते 1930च्या दशकात तयार केलं, आता अॅट्स्को कंपनी बनवते. मुख्य माल मधमाशीचं मेण. मी 200 ग्रॅमची डबी ऑनलाइन मागवली. बाहेरून येणारी वस्तू, त्यामुळे पैसे मोजताना हात जरा आखडतो. त्यात साध्या पॉलिशच्या बऱ्याच डब्या आल्या असत्या हे खरं, पण पॉलिशचं काम चकाकी आणणं, पाणी अडवणं नव्हे.

लावायची पद्धत हाच या सगळ्याचा जीव आहे. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं. थंड कातड्यावर चोळलंत तर ते वरच्या वर बसतं आणि पहिल्या चढावर घडीच्या जागी पांढरं होऊन तडकतं. कातडं आधी कोमट हवं. हेअर ड्रायर चालतो, पण आपल्याकडे मे महिना आहे तर वीज कशाला जाळायची? मृगाच्या आधी, दुपारी बूट पुसून, नाड्या काढून पत्र्यावर उन्हात ठेवले. हाताला सोसेल इतपत गरम झाल्यावर बोटाने मेण घेतलं. डबीत ते थंडीतल्या साजूक तुपासारखं दिसतं, आणि शेजारच्या आजींनी कुंपणावरून विचारलंच, “डॉक्टर, बुटाला तूप लावताय व्हय?”

पहिला थर गरम कातड्यावर बोट फिरवताच पारदर्शक होऊन आत जिरला. दुसरा सावकाश. तिसऱ्याला कातड्याने ‘पुरे’ म्हटलं, वर चिकटपणा राहिला, तो जुन्या बनियनने पुसून काढला. खरी मेहनत शिलाईची. पाणी अख्ख्या कातड्यातून शिरण्याआधी सुईच्या भोकांतून शिरतं, म्हणून शिलाईच्या प्रत्येक ओळीवर जुन्या टूथब्रशने मेण दाबून बसवलं. जिभेच्या दोन्ही बाजूंना जी घडी शिवलेली असते तिथेही. तिथे बोट पोचत नाही, आणि नेमकं तिथूनच बूट पाणी घेतो.

रंग गडद होतो, हे आधीच समजून घ्या. माझे बूट मधाळ तपकिरी होते, आता कॉफीच्या बियांकडे झुकलेत. असल्या मेणाने हे होणारच. फिकट रंगाच्या प्रेमात असाल तर जिभेच्या आतल्या बाजूला आधी एक ठिपका लावून बघा. नुबक किंवा स्वेड या लवदार कातड्यांच्या वाटेला हे मेण घेऊन जाऊच नका, त्यांची लव कायमची बसते.

आता पावसातलं सांगते. सड्यावरचं घोट्याएवढं पाणी तुडवत गेले, भाताच्या बांधावरून चालले, मोजे कोरडे. चिखल नळाखाली धरला की सरसर निघून जातो, हा न मागितलेला फायदा. पण मुसळधार पावसात पाणी पँटवरून निथळून वरून बुटात उतरतं, त्याला मेण काय करणार? त्यासाठी वर गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडापासून पोटरीपर्यंतचं आवरण, बांधा. गेटरने जळवाही अडतात. आणि वरून पाणी गेलंच तर मेणाचा बूट वाळायला जास्त वेळ घेतो, कारण वाफेलाही वाट कमी मिळते. आतला सुटा तळ काढायचा, जुना पेपर कोंबायचा, ओला झाला की बदलायचा. चुलीजवळ मात्र अजिबात नको. ओलं कातडं उष्णतेने आक्रसतं आणि सोलचा गोंद सुटतो. गोअर-टेक्सचा, म्हणजे पाणी अडवून वाफ बाहेर सोडणारा, पडदा असलेल्या बुटांवरही जाड मेण थापू नये, श्वास घेणारा पडदा घेऊन त्याचं नाक दाबण्यात अर्थ नाही.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट इतरांना कदाचित लागू होणार नाही. लाळ्या-खुरकुताच्या साथीत आम्ही गोठ्याबाहेर 4 टक्के धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पाय बुडवतो. विषाणूला तो मारतो, पण कातड्यातली चरबीही ओढून काढतो, कातडं वाळून कडक होतं. मेण आहे म्हणून तिथे बेफिकीर राहू नका. साथ असली की मी मुकाट गमबूट घालते. साध्या शेण-मुताच्या दिवशी घरी आल्यावर साध्या पाण्याने धुऊन सॅडल सोपचा (कातड्याच्या साबणाचा) हलका हात पुरतो, मात्र रात्रभर तसेच ठेवायचे नाहीत.

बुरशीवर या डबीचा भरवसा ठेवू नका. श्रावणात बंद कपाटात ठेवलेल्या कुठल्याही कातड्यावर हिरवट लव येते, मेण असो नसो. बूट उघड्या मांडणीवर, वारा लागेल असे ठेवायचे. लव आलीच तर निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी घेऊन बाहेर अंगणात पुसायचं.

स्वस्तातलं खोबरेल सगळेच सुचवतात. कोल्हापुरी चपलेला तेल पाजतात ते ठीक, ते कातडं हिरडा-बाभळीने कमावलेलं, मऊच करायचं असतं. बुटाला आधार हवा, तो तेलाने लुळा पडतो, आणि तेल पाण्यापुढे फार काळ टिकत नाही. मोटा चालत होत्या तेव्हा करडईचं तेल जाळून काळं चिकट करून मोटेला आणि विहिरीच्या दोरांना फासायचे. ती मंडळी हुशार होती, पण तो वास घेऊन मला कुणी ओसरीवर बसवून घेणार नाही. डबिन नावाचं चरबीचं मलम मिळतं, त्यानेही कातडं फार सैल होतं.

खरी तुलना निकवॅक्सशी. इंग्लंडची 1977ची कंपनी, त्यांचं कातड्यासाठीचं मेण पाण्यात मिसळलेलं असतं आणि ओल्या बुटावरच लावायचं. भर जुलैत, काहीच वाळत नाही तेव्हा, ही मोठी सोय आहे, आणि हवाही जास्त खेळते. पण थर पातळ, वरचेवर लावावा लागतो. ज्यांना शनिवार-रविवारी एखादा गड करायचा आहे त्यांनी निकवॅक्स घ्यावं. माझ्यासारखं रोज चिखलात उभं राहायचं असेल तर मधमाशीचं मेण. दोन्ही एकावर एक लावू नका, मेण जिरलेल्या कातड्यात पाण्याचं औषध शिरणार कुठून?

सोलच्या कडेला हात आखडता घ्या. कोल्हापुरात एका गटईवाल्या काकांना बूट दाखवले, त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ताई, वर कितीबी लावा. पण हितं मेण बसलं तर उद्या सोल बदलताना सोल्युशन धरायचं नाही.” वेल्टची शिलाई भरली की तिथेच थांबायचं.

डबी मोठी आहे, दोघांत एक घेतली तरी पुरते. झाकण मात्र घट्ट लावा, उघडं राहिलं की वरचा थर कडक होतो आणि चोळताना बोटं दुखतात.