पावसाळी नाशिक आणि ७७ मिमीचा पोलरायझर

लेन्सपुढे लावून चकाकी कापणाऱ्या सीपीएल फिल्टरच्या, म्हणजे सर्क्युलर पोलरायझरच्या, डबीवर निळंशार आकाश आणि कापसासारखे ढग छापलेले असतात. नाशिकमध्ये मात्र ही काच खऱ्या अर्थाने वसूल होते ती जून ते सप्टेंबरात, आकाश धड दिसतही नाही तेव्हा. ढगाळ दिवशी ‘ऊनच नाही, मग पोलरायझर कशाला’ म्हणून फिल्टर काढून बॅगेत टाकणारे बरेच. तिथेच चुकतं. आकाशाला फिल्टर लागू पडण्यासाठी ऊन लागतं. ओल्या दगडावरची आणि पानावरची चकाकी मारायला लागत नाही.

गोदाघाटावर बघा. नारोशंकराच्या मंदिराचा काळा पाषाण भिजला की डोळ्यांना काळाभोर दिसतो, फोटोत मात्र राखाडी येतो, कारण ओल्या पृष्ठभागावर पांढऱ्या ढगांचं प्रतिबिंब पसरलेलं असतं. फिल्टरची पुढची रिंग सावकाश फिरवा. पाव फेरा व्हायच्या आत दगडावरचा तो दुधी पडदा सरकतो, कोरीव कामातल्या खाचा उघडतात, सांध्यांतलं शेवाळ हिरवं होतं. एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन वाढवून हे मिळत नाही, कारण चकाकीखाली दबलेला तपशील फाइलमध्ये आलेलाच नसतो. रोज ज्या पायऱ्यांवरून जा-ये होते आणि ज्यांच्याकडे कॅमेरा वळवावासाही वाटत नाही, त्याच पायऱ्या व्ह्यूफाइंडरमध्ये परक्या वाटू लागतात. हजारापुढचा खर्च इथेच पटतो.

पाण्याचं गणित थोडं वेगळं. पाण्याच्या पृष्ठभागाशी नजर साधारण ३७ अंशांचा कोन करते तिथे चकाकी जवळजवळ पूर्ण जाते. कॅमेरा दीड मीटर उंचीवर असेल तर ही जागा तुमच्यापासून दोनेक मीटरवर येते. म्हणजे पायरीवर उभं राहून समोरच्या उथळ पाण्यातले दगड स्वच्छ दिसतील, पण पलीकडच्या काठाजवळचं पाणी चमकतच राहील. फिल्टर खराब निघाला असं समजून दुकानदाराशी भांडू नका. पुलावर चढलात तर तीच जागा लांब जाते.

पूर आला असेल तर फिल्टर सरळ काढा. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी चढलं यावरून शहर पुराचा अंदाज घेतं आणि फोटोही त्याचाच हवा असतो. गढूळ पाण्याची चकाकी गेली की उरतो तो नुसता चिखल. पाण्याचा वेग दाखवणाऱ्या लाटांच्या कडाही जातात. शिवाय फिल्टर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). ढगाळ संध्याकाळी १/१२५ सेकंदाचा शटर १/३० वर येतो, नाहीतर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० चा १६०० करावा लागतो. सोमेश्वरच्या धबधब्यावर हाच तोटा फायद्याचा ठरतो: ट्रायपॉड लावा, १/४ सेकंदापर्यंत उतरा, पाणी रेशमी येतं आणि भोवतालचा खडकही कोरडा-पांढुरका दिसत नाही. पांडवलेण्यांत उलट. बाहेरच्या ओल्या कातळासाठी लावलेली काच लेण्यात शिरताना काढली नाही, तर आधीच अंधार आणि त्यात दोन स्टॉप कमी.

आकाशाचं काम ऑक्टोबरात, पावसाने हवा धुतल्यावर. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश सगळ्यात गडद होतं. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे सकाळी प्रवाहाच्या दिशेने उभं राहिलं की सूर्य डाव्या हाताला येतो आणि कोन आपोआप जमतो. फक्त लेन्स २४ मिमीपेक्षा वाईड नको. आकाशाच्या मधोमध गडद पट्टा उमटतो आणि तो एडिटिंगमध्ये काढणं ही कटकट. इंद्रधनुष्य दिसलं तर आधी रिंग फिरवून पाहा, चुकीच्या कोनात कमानीचा एखादा भाग गायब होतो.

डिसेंबर-जानेवारीत धुकं असेल तर उपयोग शून्य. द्राक्षबागेतलं दव टिपायचं असेल तर फिल्टर शत्रूच, कारण दवाची चमक हाच तर फोटो. भांडी बाजारातल्या तांब्या-पितळेवर तो चालत नाही. धातूची चकाकी पोलरायझरने जात नाही. दुकानाच्या काचेवरची जाते, आतली भांडी चमकत राहतात. ही जोडी मात्र सुंदर दिसते.

आता तक्रारी. हुड (लेन्सच्या तोंडावरचं आडोशाचं कडं) लावला की रिंग फिरवायला बोट पोचत नाही आणि हुड काढला की थेंब काचेवर. पावसात वरचं कोटिंग चांगलं असलेलाच घ्या, थेंब ब्लोअरने उडतात. स्वस्त काचेवर ते पुसताना फराटे पडतात. एसी लावलेल्या गाडीतून त्र्यंबक रस्त्यावर उतरलात की दमट हवेने फिल्टर आणि लेन्सच्या मधोमध बाष्प धरतं. बाहेरून कितीही पुसा, जाणार नाही. कॅमेरा बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या किंवा फिल्टर उघडा. एप्रिलात डॅशबोर्डवर विसरू नका. दोन काचांमधली फिल्म उन्हाने कामातून जाते.

घाटावरची बारीक रेती दोन रिंगांमध्ये गेली की फिरवताना करकर आवाज येतो. फिल्टर लेन्सवर अडकला तर दाबून पिळू नका, रिंग लंबगोल होऊन आणखी घट्ट बसते. कडेभोवती रुंद रबरबँड गुंडाळा आणि हलक्या हाताने, सगळीकडून सारखा जोर देत फिरवा.

माप, म्हणजे लेन्सच्या तोंडाचा मिमीतला व्यास, घेताना तुमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या लेन्सचं घ्या. ७७ चा फिल्टर आणि ६७-७७ ची स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारं कडं) हे दोन फिल्टर घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. नुसतं ‘पीएल’ लिहिलेला जुना लिनियर फिल्टर डीएसएलआरच्या ऑटोफोकसला गोंधळात पाडू शकतो. फिल्टर सर्क्युलर आहे याची खात्री दुकानातच होते. गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर चालू करून घ्या आणि फिल्टर नेहमीसारखा, म्हणजे आट्यांची बाजू डोळ्याकडे ठेवून, त्यातून आकडे पाहत फिरवा. आकड्यांची पाटी काळी व्हायला हवी. मग फिल्टर उलटा करून पुन्हा फिरवा. आता काळी झाली नाही तर सर्क्युलर आहे. दोन्ही बाजूंनी काळी झाली तर डबीवर काहीही छापलेलं असो, परत द्या.