आंतरराष्ट्रीय व्यापाराचं प्राथमिक प्रमाणपत्र: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मी निर्यात विभागात कागदपत्रांचं काम बघते. प्रमाणपत्र मिळून आठ महिने झाले. आधी जुनी फाइल समोर ठेवून तसंच भरायचे. आता प्रत्येक रकाना का आहे ते कळतं. एवढ्यासाठी तरी मी हा अभ्यासक्रम कोणालाही सुचवेन.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो इन्कोटर्म्सचा, म्हणजे विक्रेता आणि खरेदीदार यांच्यात खर्च आणि जोखीम कशी वाटायची ते सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांचा. 2020च्या आवृत्तीत 11 नियम आहेत, त्यांतले चार फक्त जलवाहतुकीचे. त्यांतल्या सीआयएफ या नियमात भाडं आणि विमा विक्रेता भरतो, म्हणजे माल पोहोचेपर्यंत जोखीमही त्याचीच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. खरं तर निघण्याच्या बंदरात माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. भाडं शेवटच्या बंदरापर्यंतचं, जोखीम मात्र पहिल्या बंदरापर्यंतच. हा फरक कळला आणि जुने कितीतरी वाद आपोआप उलगडले.

दुसऱ्याच महिन्यात कंटेनरच्या एका ऑर्डरवर एफओबी लिहून आलं, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विक्रेत्याची. कंटेनर आपण टर्मिनलवर सोपवतो, तो तिथे काही दिवस पडून राहतो, आणि जहाजावर चढेपर्यंत काही झालं तर नुकसान आपलं. मी एफसीए सुचवलं, त्यात माल ठरलेल्या जागी वाहतूकदाराकडे सोपवला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. खरेदीदाराने लगेच मान्य केलं, त्या दिवशी फार बरं वाटलं.

एलसीचा (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद बरोबर दिले तर पैसे देण्याची बँकेची हमी) धडा मात्र मी घाईत वाचला होता आणि तो मला महागात पडला. एलसीमध्ये मालाच्या वर्णनात ‘दळलेली’ हा शब्द होता; माझ्या इन्व्हॉइसमध्ये तो राहून गेला. माल अगदी बरोबर गेला होता, तरी बँकेने डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदांतली तफावत, काढली. यूसीपी 600 या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे बँक कागद बघते, माल नाही. इतर कागदांवर वर्णन ढोबळ असलं तरी चालतं, इन्व्हॉइसवर ते एलसीशी जुळायलाच हवं. खरेदीदाराने ती चूक चालवून घेतली म्हणून पैसे आले, पण उशिरा. तेव्हापासून एलसी आणि इन्व्हॉइस शेजारी ठेवून मी शब्दावर बोट फिरवत वाचते. कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच बँक-दिवस मिळतात, आणि मूळ बीएल (बिल ऑफ लेडिंग, माल जहाजावर घेतल्याचा कागद) लागणार असेल तर शिपमेंटनंतर 21 दिवसांच्या आत, तेही एलसीची मुदत संपण्याआधी, कागद सादर करावे लागतात. या दोन तारखा आता प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर असतात.

एचएस कोडचा, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकांचा, भाग तोकडा वाटला. 09 हे प्रकरण, 0901 म्हणजे कॉफी, 0901.21 म्हणजे कॅफिन न काढलेली भाजलेली कॉफी, इथपर्यंत छान समजावलंय. पहिले सहा अंक सगळीकडे सारखे, पुढचे देशागणिक वेगळे, हेही सांगितलंय. पण ज्या मालावर दोन कोड लागू होतील असं वाटतं, तिथे काय करायचं? खरी गरज तिथेच असते, आणि सराव एकाच उदाहरणाचा.

अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा 1817चा तुलनात्मक लाभाचा सिद्धांत, डब्ल्यूटीओची (जागतिक व्यापार संघटना) रचना हे वाचायला आवडलं. रोजच्या कामात लागलं नाही. परीक्षेत बहुपर्यायी प्रश्नच होते, त्यातही लघुरूपांची पूर्ण रूपं जास्त. एखादी चुकलेली एलसी देऊन ‘यातल्या चुका शोधा’ असं विचारलं असतं तर मी ती घाई केली नसती.

परकीय चलनाची जोखीम आणि फॉरवर्ड करार (पुढच्या तारखेसाठी चलनाचा दर आजच ठरवणं) तर दीड पानात उरकलेत. त्यासाठी मी आता वेगळा अभ्यासक्रम घेतलाय.