हँडल फिरवून चालणारा रेडिओ-दिवा: वर्षभराच्या वापरानंतर
२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हापासून घरात अंधारासाठी काही भरवशाचे असावे असे वाटत होते. म्हणून सीताबर्डीच्या एका दुकानातून हा रेडिओ-दिवा घेतला. त्याचा उजेड स्वयंपाकघराला पुरतो आणि आकाशवाणी नागपूर स्पष्ट ऐकू येते; मात्र मिनिटभर हँडल फिरवूनही रेडिओ फार वेळ चालत नाही आणि त्यावर मोबाइल चार्ज करणे हा तर निव्वळ हाताचा व्यायाम ठरतो, त्यामुळे पावसाळ्यापूर्वीच तो विजेवर पूर्ण चार्ज करून ठेवणे इष्ट. अधिक खटकले ते हे, की ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकलेल्या या यंत्राचे रबरी झाकण महिन्याभरात सैल झाले. आता तो कागदपत्रांसह झिपच्या पिशवीत, माळ्यावर असतो.