ॲब्लेशननंतर वॉरफरिन की नवी गोळी?

एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) ॲब्लेशन (हृदयातला ठोके बिघडवणारा भाग निकामी करण्याचा उपचार) झालं, ठोके ताळ्यावर आले, तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी किमान दोन-तीन महिने चालूच राहते. पुढेही लागेल का, हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवर ठरतं. ठोके सुधारले की नाही, यावर नाही. मग कुठली घ्यायची, जुनी वॉरफरिन की नवी?

तपासण्यांचा व्याप वॉरफरिनला जास्त. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायचा, म्हणजे सुरुवातीला वरचेवर रक्त द्यायचं. पालेभाजी वर्ज्य नाही, प्रमाण सारखं हवं. आठवडाभर काही नाही आणि एकदम ताटभर खाल्ली, की आकडा घसरतो; काही अँटिबायोटिक्सनी तो चढतो. अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन या नव्या गोळ्यांना ही कटकट नाही, पण मूत्रपिंडाची तपासणी वर्षातून एकदा तरी हवीच.

विसरभोळ्यांनी मात्र जपून! वॉरफरिनचा परिणाम काही दिवस रेंगाळतो, नव्या गोळ्यांचा साधारण दिवसाभरात ओसरतो. अपिक्साबॅन दिवसातून दोनदा. रिव्हरॉक्साबॅन २० मिलिग्रॅम जेवणासोबतच. उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. चुकलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घेऊ नयेत. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं दोन्हींसोबत टाळलेली बरी.

मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका नव्या गोळ्यांत कमी, म्हणून बहुतेकांना त्याच सोयीच्या. पण हृदयात धातूची कृत्रिम झडप असेल किंवा मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूची) बरीच अरुंद असेल, तर वॉरफरिनच. खर्चाची ओढाताण असून आयएनआर स्थिर असेल, तर तीच चालू ठेवायला हरकत नाही.