दहाचा हिशेब की बाराचा?

टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या भूमिका-खेळांमध्येही नाणी असतात. त्यातल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत हिशेब सरळ: एका सोन्याच्या नाण्याची दहा चांदीची, शंभर तांब्याची. वॉरहॅमर फँटसी या दुसऱ्या खेळात एका सोन्याच्या क्राउनचे २० शिलिंग आणि २४० पेनी, म्हणजे शिलिंगला बारा पेनी; ही १९७१ पूर्वीच्या ब्रिटिश चलनाचीच रचना.

खेळताना दहाचा हिशेब तोंडी होतो, हा त्याचा मोठा फायदा. पण किमती जरा बारकाईने बघा. अकुशल मजुराला दिवसाला दोन चांदीची नाणी मिळतात आणि लांब तलवार १५ सोन्याची. म्हणजे त्याची पंचाहत्तर दिवसांची मजुरी! प्लेट चिलखत १५०० सोन्याचं. वीस वर्षं राबूनही त्याला ते परवडणार नाही. उलट साहसवीरांच्या, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या, हाती सोनं इतकं खेळतं की चांदी-तांब्याकडे कोणी बघतही नाही. (पन्नास नाण्यांचं वजन एक पौंड, म्हणजे चिलखताची किंमत मोजायला तीस पौंड सोनं वाहून न्यावं लागेल. बहुतेक खेळणाऱ्या गटांत हा नियम कोणी पाळत नाही, आणि मला ते खटकतं.)

वॉरहॅमरमध्ये मात्र पेनी जिवंत राहते. चौथ्या आवृत्तीत पात्राचा सामाजिक दर्जाच पितळ (पेनी), चांदी (शिलिंग), सोनं (क्राउन) असा ठरतो, त्यामुळे खिशातलं नाणं माणसाची पायरी सांगतं. बाराने भागताना डोकं खाजवावं लागतं, हे खरं.

नवख्यांसोबत मी दहाचाच हिशेब घेईन. पण गरिबीची कथा रंगवायची असेल तर पेनीच हवी.